किनाऱ्यावरची पिल्ले आणि चौकटीबाहेरचा माणूस

पिक्सार या अमेरिकन चित्रसंस्थेचा ‘पायपर’ हा लघुपट २०१६ साली पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी उत्कृष्ट सचेतन लघुपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. लांबी जेमतेम सहा मिनिटांची. संवाद एकही नाही. त्यामुळे भाषेचा अडसर नाही, आणि म्हणूनच की काय, आपल्याकडच्या शाळांतून व धर्मग्रामांच्या उन्हाळी शिबिरांतून तो मुलांना आवर्जून दाखविला जातो. ‘भीतीवर मात कशी करावी’ हा बोध त्यातून हाती लागतो, शिबिराच्या वेळापत्रकात तो नेमका बसतो, आणि मुलांना तो मनापासून आवडतो. मोठ्यांनाही आवडतो. प्रस्तुत लेखकालाही तो आवडला, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढे जे लिहायचे आहे ते त्या आवडीच्या आड येणारे आहे.

कथा थोडक्यात अशी. समुद्रकिनारी वाळूत, गवताच्या आडोशाला, सँडरलिंग जातीच्या एका चिमुकल्या पक्ष्याचे पिल्लू बसलेले आहे. आई त्याला हाक घालते, लाटेच्या कडेला नेते. पिल्लू चोच उघडून वाट पाहते. आई आज भरवायला तयार नाही, ती त्याला स्वतः शोधायला सांगते. इतक्यात लाट येते. इतर पक्षी चपळाईने मागे पळतात, पिल्लू मात्र तिच्याखाली सापडते आणि ओलेचिंब, भेदरलेले असे घराकडे परतते. मग भूक आणि भीती यांची ओढाताण. अखेर शंखात राहणारा एक इवलासा खेकडा लाट आली की वाळूत कसा रुतून बसतो हे पिल्लू पाहते आणि तसेच करते. लाट डोक्यावरून जाते. पिल्लू पाण्याखाली डोळे उघडते, तर वाळूत दडलेल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या सगळीकडे उघड्या पडलेल्या! त्यानंतर ते इतके अन्न गोळा करते की सगळ्या थव्याला पुरावे.

दिग्दर्शक ॲलन बरियारो यांनी आपल्या कार्यालयाजवळच्या किनाऱ्यावर पळत्या लाटेमागे धावणारे आणि येत्या लाटेपुढे पळणारे पक्षी पाहिले, त्यातून ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितलेले आहे. हे निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. सँडरलिंगला ज्याने एकदा पाहिले तो त्याला त्याच्या धावण्यावरूनच ओळखतो. पायांना जणू चाके लावली आहेत असा तो पक्षी ओसरत्या पाण्याच्या काठाकाठाने धावतो, ओल्या वाळूत टोच टोच चोच मारतो आणि पुढची लाट अंगावर येण्यापूर्वी अर्ध्या हाताच्या अंतराने निसटतो. आपल्या कोकणच्या वाळूच्या किनाऱ्यांवरही हिवाळ्यात हा पाहुणा येतो. चित्रपटातले ते धावणे पाहताना ज्या कुणी ते दृश्य हेरले त्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते.

पण दाद देण्यासारखी दुसरीही एक गोष्ट आहे, आणि माझ्या तक्रारीचे मूळ नेमके तिच्यात आहे. हे चित्र संगणकावर घडविलेले असूनही एखाद्या निष्णात छायाचित्रकाराने टिपल्यासारखे दिसते. कॅमेरा वाळूला टेकलेला. पिल्लाच्या डोळ्याच्या पातळीवर भिंग. पिल्लाच्या अंगावरची लव, चोचीवरचा वाळूचा कण, ओल्या पिसाच्या टोकावरचा थेंब स्पष्ट. मागचा समुद्र आणि पुढची वाळू धूसर. मावळत्या उन्हाचा प्रकाश मागून येऊन लवेच्या कडा सोनेरी करतो. मोठ्या भिंगाची हीच तर भाषा. वन्यजीवांच्या छायाचित्रांनी गेल्या कित्येक वर्षांत आपल्या डोळ्यांना एक सवय लावली आहे: पार्श्वभूमी विरघळलेली, विषय रेखीव, असे चित्र दिसले की ‘हे कुणीतरी प्रत्यक्ष तेथे जाऊन पाहिले आहे’ असे आपण न विचारता मान्य करतो. ‘पायपर’ने ही मान्यता उसनी घेतली आहे.

आणि उसन्या घेतलेल्या त्या विश्वासावर जे सांगितले आहे ते, दुर्दैवाने, खरे नाही.

सँडरलिंग समुद्राच्या वाळूवर घरटे करीतच नाही. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात, ग्रीनलँड, कॅनडाची उत्तरेकडची बेटे, सायबेरियाचे टोक अशा उघड्याबोडक्या खडकाळ माळावर होते. जमिनीवरच्या उथळ खळग्यात चार अंडी. पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तीच लवेने झाकलेली आणि उघड्या डोळ्यांची. अंग वाळले की एका दिवसाच्या आत ती घरटे सोडतात आणि स्वतःचे अन्न स्वतः टिपू लागतात. त्यांना कुणी भरवीत नाही; पहिल्या दिवशीही नाही. पालक त्यांना पंखाखाली घेऊन ऊब देतात, धोका दिसला की इशारा देतात. घास मात्र कधीच देत नाहीत. तेथे लाट नसते, शिंपल्या नसतात. पिल्ले किडेमकोडे खातात. सुमारे अडीच आठवड्यांत ती उडू लागतात. तोवर प्रौढ पक्षी दक्षिणेकडे निघू लागलेले असतात, आणि ही पहिल्या वर्षाची पाखरे मागाहून, वाट दाखविणारे मायबाप सोबत नसताना, हजारो मैलांचा प्रवास करून समुद्रकिनाऱ्यावर येतात. म्हणजे सँडरलिंगला लाट पहिल्यांदा दिसते तेव्हा तो लवेचा गोळा राहिलेला नसतो. तो पूर्ण पंखांचा, अर्धे जग ओलांडलेला प्रवासी असतो.

कुणी म्हणेल, “फादर, ती मुलांची गोष्ट आहे. गोष्टीत कोल्हा द्राक्षांना आंबट म्हणतो, मग सँडरलिंगने आईकडे घास मागितला तर काय बिघडले?” आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आपल्या परंपरेत किनाऱ्यावरच्या पक्ष्याची एक फार जुनी गोष्ट आहे. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात टिटवीचे जोडपे समुद्रकाठी अंडी घालते, समुद्र ती गिळतो, आणि ते एवढेसे पाखरू समुद्राशी वैर मांडते. ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही आपली म्हण त्याच कुळातली. त्या गोष्टीत टिटवी बोलते, नवऱ्याशी वाद घालते, पक्ष्यांची सभा भरविते. पण ऐकणारा फसत नाही. टिटवीने तोंड उघडून शहाण्यासारखे भाषण केले त्याच क्षणी ही नीतिकथा आहे हे त्याला कळते. शिवाय त्या कथेच्या गाभ्याशी जे निरीक्षण आहे ते खरे आहे: टिटवीच्या कुळातले पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्यांची अंडी उधाणाच्या भरतीत खरोखरच वाहून जातात. ‘पायपर’ची गोष्ट उलटी आहे. तिचा पोशाख निरीक्षणाचा आणि गाभा कल्पनेचा. नीतिकथेने नीतिकथेच्या वेषात यावे एवढेच माझे म्हणणे आहे.

येथवर मी एका चित्रपटाबद्दल बोललो. पण तो चित्रपट ज्या छायाचित्रांची नक्कल करतो त्यांचे काय? ती तरी खरी असतात का? कॅमेऱ्यापुढे जे होते तेच त्याने टिपले, या अर्थाने होय. पण छायाचित्राला मथळा असतो, निवड असते, आणि छायाचित्र काढण्याची एक रीत असते. या तिन्ही ठिकाणी असत्य शिरू शकते.

मथळ्याचे आधी पाहू. किनारपक्ष्यांच्या पिल्लांच्या छायाचित्रांत एक प्रकार विलक्षण लोकप्रिय आहे. चिखल्याच्या जातीचा एखादा लहानसा पक्षी वाळूवर उभा आहे, अंग फुगविलेले आहे, आणि त्याच्या पोटाखाली दोनऐवजी आठ-दहा पाय दिसताहेत. पिल्ले पंखाखाली शिरलेली आहेत. चित्र गोड आहे यात शंका नाही. त्याखाली हटकून ‘मातेची माया’ अशा अर्थाचे काहीतरी छापलेले असते. दिनदर्शिकांवर, शुभेच्छापत्रांवर, आणि आता भ्रमणध्वनीवर सकाळी सकाळी येणाऱ्या संदेशांतही. पण केंटिश चिखल्या, अमेरिकेतला स्नोई प्लोव्हर, अटलांटिक किनाऱ्यावरचा पायपिंग प्लोव्हर या जातींत पिल्ले काही दिवसांची झाली की मादी बहुतेकदा निघून जाते. पहिल्या दोन जातींत तर पुष्कळदा ती दुसरा संसार मांडते. पिल्लांना पंख फुटेपर्यंत सांभाळतो तो नर. तेव्हा ‘मातेची माया’ म्हणून आपण जे चित्र एकमेकांना पाठवितो त्यातला तो फुगलेला, दहा पायांचा, थकलेल्या डोळ्यांचा पक्षी पुष्कळदा बाप असतो. आपल्याच तळ्यांतल्या कमळपक्ष्याचे तर याहून पुढचे आहे: अंडी उबविण्यापासून पिल्ले सांभाळण्यापर्यंत सारे नरच करतो. ज्या समाजात बापाने मुलाला कडेवर घेतले तर शेजारी अजूनही थोडे हसतात, त्या समाजाला हे चित्र त्याच्या खऱ्या मथळ्यासह दाखविले तर त्याचे काम अधिक होईल. (संत योसेफाची भक्ती करणाऱ्या आपल्या लोकांना हे निराळे सांगायला नको.)

आता रीत. हा भाग थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण छायाचित्र कसे काढले हे ठाऊक नसेल तर ते नीट वाचताच येत नाही.

पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास सुरू होतो तो घरट्यापासून. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे रिचर्ड आणि चेरी हे कर्टन बंधू. त्यांनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ साली आरंभापासून अखेरपर्यंत छायाचित्रांनी सजविलेले पक्ष्यांच्या घरट्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. निसर्गविषयक पुस्तकांत असे ते पहिलेच मानले जाते. पक्ष्याच्या जवळ जाण्यासाठी त्यांनी पुढे एक पोकळ बैल तयार करविला. खऱ्या बैलाचे कातडे, आत लाकडी सांगाडा, आणि त्यात कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस. आज हसू येते. पण त्या बैलामागचा विचार हसण्यासारखा नव्हता: पक्ष्याला माणूस नको आहे हे मान्य करून माणसानेच स्वतःला नाहीसे करायचे.

पुढच्या पिढीत एरिक हॉस्किंग (१९०९–१९९१) यांनी ही विद्या पूर्णत्वाला नेली. त्यांची पद्धत कापडी लपणाची. लपण पहिल्या दिवशी घरट्यापासून बरेच दूर उभारायचे, मग दिवसादिवसाने थोडे थोडे जवळ सरकवायचे. पक्षी बुजला तर पुन्हा मागे. आत शिरताना सोबत्याला घेऊन जायचे आणि मग सोबत्याने एकट्याने परत फिरायचे. माणूस गेला असे समजून पक्षी घरट्यावर येतो. एका घुबडाने १९३७ साली हॉस्किंगना पंजा मारला आणि त्यांचा डावा डोळा गेला. तरी ते थांबले नाहीत, आणि १९७० साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी त्या गेलेल्या डोळ्यावर श्लेषही केला. भारतात ई. एच. एन. लोथर यांचे घरट्यांवरच्या पक्ष्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९४९ साली ऑक्सफर्डने काढले. त्या काळाची चित्रे पाहिली तर ती बहुधा स्थिर आणि शांत दिसतात. पक्षी अंड्यांवर बसलेला आहे आणि त्याला आपली दखलही नाही. त्या शांततेमागे कित्येक दिवसांची तयारी असे. घरट्यापुढचे गवत बाजूला सारण्याची, फांदी बांधून ठेवण्याची सवय त्या जुन्या मंडळींत होती आणि तिने घरटी उघडी पडत, हेही विसरून चालणार नाही.

पण किनारपक्ष्याच्या पिल्लापुढे हे लपण निकामी ठरते. कारण पिल्लू घरट्यात राहतच नाही! अंडी फुटल्यावर काही तासांत सारे कुटुंब खळगा सोडून चालू लागते आणि लपणात बसलेल्या छायाचित्रकारासमोर उरते रिकामी वाळू. म्हणूनच जुन्या संग्रहांत किनारपक्ष्यांची अंडी पुष्कळ आणि मोकळी फिरणारी पिल्ले विरळा. लांब पल्ल्याची भिंगे, क्षणात विषयावर स्थिर होणारे कॅमेरे आणि फिल्मच्या खर्चातून सुटका, एवढे जमून आले तेव्हा लपणाशिवाय, वाळूवर पोटावर पडून पिल्ले टिपण्याची रीत रूढ झाली. या रीतीचे दोन प्रकार आहेत. एकात छायाचित्रकार पिल्लांच्या वाटेपासून दूर, एका जागी, ओल्या वाळूत पडून राहतो आणि तासन्‌तास हलत नाही. कुटुंब चरत चरत त्याच्या बाजूने आले तर चित्र मिळते, नाहीतर तो कपडे झटकून घरी जातो. दुसऱ्यात छायाचित्रकार पिल्लांच्या मागे सरपटतो.

दोन्हींतून निघालेली चित्रे वरवर सारखीच दिसतात. मात्र थोडे निरखून पाहिले तर दुसऱ्या प्रकारच्या चित्रात सरपटणारा माणूस दिसतो. तो चौकटीत नसतो, पण पक्ष्याच्या अंगावर त्याची सावली पडलेली असते. पालक मान ताठ करून थेट भिंगाकडे पाहत आहे; पिल्लू वाळूला चिकटून, मान पसरून, दगडासारखे पडलेले आहे; चित्राखाली लिहिलेले असते ‘निवांत क्षण’. पिल्लाला तो निवांतपणा नसतो. धोक्याचा इशारा मिळाला की निपचित पडून राहायचे, हे त्याला जन्मतः ठाऊक असते, आणि चित्रकाराला ‘निश्चल’ विषय मिळाला म्हणून आनंद होतो तेव्हा पिल्लू जीव मुठीत धरून असते. याहून वाईट उदाहरण पंख मोडल्याच्या सोंगाचे. शत्रू पिल्लांजवळ आला की चिखल्या एक पंख लोंबता सोडून, शेपूट पसरून, लंगडत लंगडत दूर जातो, म्हणजे शत्रूने आपल्यामागे यावे. छायाचित्रांत हे फार नाट्यपूर्ण दिसते. स्पर्धांतून, प्रदर्शनांतून अशी चित्रे मी पाहिली आहेत, आणि एकाखाली ‘किनाऱ्यावरचे नृत्य’ असे शीर्षकही वाचले आहे. परीक्षकाने त्या चित्राला गुण देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायला हवा: हे सोंग कोणासाठी चालले आहे? बहुतेक वेळा उत्तर कॅमेऱ्यामागे उभे असते.

यात नुकसान ते काय, असे विचारणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. पहिल्या काही दिवसांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. ते थोडा वेळ चरते, गारठते, पंखाखाली शिरते, पुन्हा चरते. असे दिवसभर चालते. कडक उन्हात याच पंखाची सावली लागते. माणूस जवळ असला की पालक दूर उभा राहून ओरडत राहतो, आणि पिल्लू ना चरते ना ऊब घेते. एका छायाचित्रकाराने घेतलेली पंधरा मिनिटे कदाचित निभतात. पण जागा एकाने दुसऱ्याला कळविली, दुसऱ्याने दहांना, की पिल्लाचा सारा दिवसच जातो. शिवाय माणूस कुठे घुटमळतो यावर कावळ्यांचे बारीक लक्ष असते.

म्हणून निरनिराळ्या देशांत यावर कायद्याची नजर आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार छोटा कंठेरी चिखल्या, केंटिश चिखल्या अशा काही पक्ष्यांना घरट्यापाशी किंवा पालकांवर अवलंबून असलेल्या पिल्लांसोबत असताना मुद्दाम त्रास देणे हा गुन्हा आहे. छायाचित्रणासाठी जवळ जायचे तर आधी परवाना लागतो. आपल्याकडच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची रचना मला अधिक मार्मिक वाटते. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे समाविष्ट केलेले आहे. बंदूक हवीच असे नाही. आणि याहून कितीतरी जुना एक नियम अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे: वाटेत अंड्यांवर वा पिल्लांवर बसलेली पक्षीण आढळली तर पिल्लांबरोबर तिलाही धरू नये, तिला जाऊ द्यावे. घरट्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला कुठे थांबायचे हे सांगणारा हा नियम रानातल्या, भुकेल्या माणसांसाठी होता. आपण तर पोट भरून, कॅमेरा घेऊन गेलेलो असतो.

मराठीत आपण ‘छायाचित्र टिपतो’ असे म्हणतो. पाखरू दाणा टिपते, शिकारी नेम धरून सावज टिपतो, आणि पदराने डोळ्यांतले पाणीही टिपतात. कोणत्या अर्थाने टिपले हे चित्रावरून ओळखणे, हे मला समीक्षकाचे काम वाटते.

एवढे सगळे म्हटल्यावर, पिल्लांची छायाचित्रे काढूच नयेत असा निष्कर्ष कुणी काढील. तो मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे.

अमेरिकेतल्या महासरोवरांच्या काठचा पायपिंग प्लोव्हर १९९० च्या सुमारास डझनभर जोड्यांवर आला होता. वाळूच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा हा पक्षी. त्याच्याबद्दल सर्वसामान्य माणसाला ममत्व वाटावे असे काही नव्हते, कारण तो कुणाला दिसतच नव्हता. शिकागो शहराच्या माँट्रोज किनाऱ्यावर २०१९ साली एका जोडीने अंडी घातली. लोकांनी त्यांना माँटी आणि रोझ अशी नावे दिली. त्याच किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये मोठा संगीतमहोत्सव व्हायचा होता. स्वयंसेवक दोरीच्या बाहेर पाळ्या लावून बसले. दोरीच्या बाहेरूनच, लांब भिंगांनी, पिल्लांची छायाचित्रे निघाली आणि ती शहरभर पोहोचली. त्या उन्हाळ्यात महोत्सव रद्द झाला. केवळ छायाचित्रांमुळे तो रद्द झाला असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण ज्या पिल्लांचे वजन काही ग्रॅम, त्यांना शहराने ओळखले ते चित्रांतूनच. माँटी २०२२ च्या मे महिन्यात त्याच किनाऱ्यावर मरण पावला तेव्हा लोकांनी खरोखर शोक केला. महासरोवरांवरच्या जोड्यांची संख्या अलीकडे ऐंशीच्या आसपास गेली आहे. त्यामागे कुंपणे, पहारा, सोडून दिलेली अंडी उबविण्याची केंद्रे आणि सरकारी पैसा आहे, हे खरे. पण लोकांना जे प्रिय नाही त्यासाठी पैसा कोण देतो?

आणि आणखी एक छायाचित्र. तेही २०१९ चेच. फ्लॉरिडातल्या सेंट पीट बीचवर काळ्या स्किमर पक्ष्याच्या एका पालकाने आपल्या पिल्लासमोर चोच धरली आहे. पिल्लू पुढे सरसावले आहे. आणि चोचीत मासा नसून सिगारेटचे थोटूक आहे. पक्ष्यांची काळजी वाहणाऱ्या एका स्वयंसेविकेने घेतलेले हे चित्र जगभर पसरले. वर ‘पायपर’मधल्या भरविण्याला मी खोटे म्हटले, येथे ते खरे आहे, कारण स्किमर हा सुरय पक्ष्यांच्या जवळचा, आणि त्याची पिल्ले पालकांनी आणलेल्या माशांवरच वाढतात. चित्राची मांडणी साधीच आहे. सोनेरी कडा नाहीत. पालकाच्या मुद्रेवर आपण वाचू शकू असा कोणताही भाव नाही. तो नेहमीसारखाच घास घेऊन आला आहे, आणि पिल्लू नेहमीसारखेच तो घ्यायला आले आहे. कुणीही कुणाला फसवीत नाही, आणि तरी घास विषारी आहे. गोंडस चित्रांची सवय झालेल्या डोळ्याला पहिल्या क्षणी तो ‘मातेची माया’ याच मालिकेतला एक फोटो वाटतो. दुसऱ्या क्षणी थोटूक दिसते. त्या दोन क्षणांच्या मधल्या अंतरात या चित्राचे सारे सामर्थ्य आहे. ‘पायपर’च्या निर्मात्यांजवळ असलेल्या साधनांपैकी एकही साधन त्या बाईंजवळ नव्हते. त्या फक्त तेथे होत्या, आणि त्यांनी मध्ये हात घातला नाही.

या दोन कृती शेजारी ठेवून मुलांना दाखविता येतील. आधी ‘पायपर’, मग हे छायाचित्र, आणि मग सँडरलिंगची खरी हकीकत. माझा अनुभव असा की, मुले खऱ्या हकीकतीने निराश होत नाहीत. कुणीही न शिकविता, कुणीही न भरविता, सायबेरियाच्या माळावरून निघालेले अडीच-तीन महिन्यांचे पाखरू एकटे आपल्या समुद्रावर येऊन उतरते, हे ऐकल्यावर पहिला प्रश्न येतो तो “फादर, त्याला वाट कोण सांगतो?” असा. चित्रपट संपल्यावर इतका चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही.

त्या वर्षीची पाखरे ओळखताही येतात. पावसाळा सरला की भरतीच्या वेळी किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, होड्या ओढून ठेवतात त्याच्या आसपास बसून राहावे आणि लाटेच्या कडेने धावणाऱ्या थव्याकडे दुर्बिणीतून पाहावे. प्रौढांची पाठ फिकट राखाडी, जवळजवळ पांढरी दिसते. पहिल्या वर्षाच्या पाखरांच्या पाठीवर मात्र, अंगावरची ती पहिली पिसे गळून जाईपर्यंत, काळ्यापांढऱ्या चौकटी असतात, सोंगट्यांच्या पटासारख्या. नोव्हेंबरच्या पुढे त्या फारशा दिसत नाहीत.